कुलपात न राहिलेला अहवाल

सरकारी दप्तरातील कागद कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न वरवर पाहता कारकुनी स्वरूपाचा वाटतो. परंतु राज्यकर्ता आणि प्रजा यांच्यामधील सारा व्यवहार या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतो. कागद सरकारचा असे म्हटले, की तो दाखवावा की दडवावा हे ठरविण्याचा अधिकारही सरकारचाच होतो. कागद ज्यांच्याविषयी लिहिला गेला त्या प्रजेचा असे मानले, की तो दडविणे हीच चोरी ठरते आणि तो उघड करणारा मालकाची वस्तू मालकाला परत करणारा ठरतो. गोमंतकीयांना हा प्रश्न पुस्तके वाचून शिकावा लागलेला नाही. १९६१ पूर्वीच्या गोव्यात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक ओळीवर सेन्सॉरची नजर असे. लग्नाची निमंत्रणपत्रिकादेखील त्या नजरेतून सुटत नसे. जे राज्य आपल्या प्रजेच्या लग्नपत्रिका तपासत होते, ते स्वतःच्या कपाटात काय लपवून ठेवत होते, याची एक कहाणी आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. ती आहे कॅप्टन एन्रिक गाल्व्हांव या पोर्तुगीज गृहस्थाची.

हे नाव जुन्या पिढीतील वाचकांच्या कानांवरून गेलेले असेल ते सांता मारिया या जहाजाच्या संदर्भात. १९६१ च्या जानेवारीत भर समुद्रात पोर्तुगालचे ते आलिशान प्रवासी जहाज ताब्यात घेऊन ज्यांनी साऱ्या जगातील वृत्तपत्रांचे मथळे अडविले, तेच हे गाल्व्हांव. ज्या वर्षाच्या प्रारंभी हे जहाज पळविले गेले त्याच वर्षाच्या अखेरीस गोवा मुक्त झाला. त्यामुळे त्या नावाला आपल्याकडे एक प्रकारची जवळीक लाभली. परंतु आम्हांला येथे त्यांच्या जहाजापेक्षा त्यांच्या एका कागदाचे स्मरण करावयाचे आहे. जहाजाने बारा दिवस जगाचे लक्ष वेधले. कागद मात्र त्याआधी तब्बल चौदा वर्षे सालाझारच्या राजवटीला आतून पोखरत होता.

गाल्व्हांव यांचा जन्म ४ फेब्रुवारी १८९५ चा, लिस्बनसमोर तेजु नदीच्या पलीकडील तीरावर वसलेल्या बारैरू या गावचा. त्यांनी सैन्यात नोकरी धरली आणि कॅप्टनचा हुद्दा मिळविला. वृत्तीने ते लोकशाहीवादी मुळीच नव्हते. पोर्तुगालचे पहिले प्रजासत्ताक अंतर्गत भांडणांनी जर्जर झाले होते आणि २८ मे १९२६ रोजी सैन्याने सत्ता हाती घेतली, तेव्हा तिचे स्वागत करणाऱ्यांत हा तरुण अधिकारी होता. शिस्त, कणखर शासन आणि साम्राज्याचा अभिमान ही त्यांची दैवते होती. पुढे आंतोनियु द ऑलिव्हैरा सालाझार या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने राज्याची सूत्रे हळूहळू आपल्या मुठीत घेतली आणि आपल्या राजवटीला नवे राज्य असे नाव दिले. त्या नव्या राज्याच्या पहिल्या फळीतील सेवकांत गाल्व्हांव यांची गणना होत असे.

१९२९ च्या सुमारास ते अंगोलाच्या दक्षिण भागातील उईला जिल्ह्याचे गव्हर्नर झाले. आफ्रिकेची भूमी, तेथील अरण्ये, वन्य पशू आणि माणसे यांची त्यांना विलक्षण ओढ लागली. शिकारीवर आणि प्राणिजीवनावर त्यांनी पुस्तके लिहिली, कादंबऱ्या लिहिल्या. १९३४ साली पोर्तो शहरात जे पहिले पोर्तुगीज वसाहत-प्रदर्शन भरले त्याचे सूत्रधार तेच होते. त्या प्रदर्शनात आफ्रिकेतील माणसांना आणून, त्यांची कृत्रिम खेडी उभारून ती प्रेक्षकांना दाखविण्यात आली. युरोपच्या नकाशावर अंगोला, मोझांबिक इत्यादी वसाहतींचे आकार चिकटवून पोर्तुगाल हा काही लहान देश नव्हे असे ठसविणारा प्रसिद्ध नकाशाही त्यांच्याच कल्पनेतून निघाला. तो पुढे शाळाशाळांतून टांगला गेला. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १९३५ साली, राष्ट्रीय नभोवाणीचे संचालकपद त्यांच्याकडे आले. म्हणजे राजवटीचा नकाशा त्यांनी काढला आणि राजवटीचा आवाजही त्यांनीच सांभाळला. हे सारे तपशील आम्ही मुद्दाम देत आहोत. पुढे या माणसाने जे उघड केले, ते राजवटीच्या शत्रूचे आरोप नव्हते, तर तिच्या विश्वासातील माणसाचे निरीक्षण होते, हे वाचकांच्या ध्यानी यावे एवढाच त्यामागील हेतू.

गाल्व्हांव पुढे वसाहत प्रशासनाचे वरिष्ठ निरीक्षक झाले. कचेऱ्यांतील वह्या तपासणे, जिल्ह्याजिल्ह्यांत फिरणे आणि जे आढळेल ते वरिष्ठांना कळविणे हे त्यांचे काम. या फिरतीत त्यांना जे दिसले त्याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगितली पाहिजे. पोर्तुगालच्या आफ्रिकी वसाहतींत प्रजेचे दोन वर्ग पाडलेले होते, एक सुसंस्कृत नागरिकांचा आणि दुसरा देशी लोकांचा. देशी ठरविलेल्या माणसाला नागरिकाचे हक्क नव्हते. काम करणे हे त्याचे नैतिक कर्तव्य मानले होते आणि ते कर्तव्य तो बजावतो की नाही हे ठरविणारा गोरा अधिकारी होता. १९२८ च्या मजूर कायद्याने सक्तीची मजुरी तत्त्वतः निषिद्ध मानली. परंतु सार्वजनिक कामांच्या नावाखाली आणि अन्य सबबींवर तिला वाटा मोकळ्या ठेवल्या. प्रत्यक्षात मळेवाले, खाणवाले, मासळीच्या धंद्यातील मालक यांनी सरकारी कचेरीकडे इतकी माणसे हवीत अशी मागणी करावी, कचेरीने गावच्या मुखियाला फर्मान सोडावे आणि मुखियाने ती माणसे धरून आणावीत, असा हा कारभार होता. त्याला नाव मात्र कराराचे होते.

या प्रकाराचा बोभाटा पूर्वीही झाला नव्हता असे नाही. हेन्री नेव्हिन्सन या इंग्रज पत्रकाराने अंगोला आणि साओ तोमे येथील कोकोच्या मळ्यांची हकिगत १९०६ साली पुस्तकरूपाने मांडली होती, आणि त्यानंतर १९०९ साली कॅडबरी या चॉकलेटच्या कारखानदारांनी तेथील कोको घेणे थांबविले. १९२५ साली एडवर्ड रॉस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाचा अहवाल राष्ट्रसंघापुढे गेला. परंतु दर वेळी लिस्बनचे उत्तर ठरलेले असे: हे परकीयांचे कारस्थान आहे, आमच्या वसाहतींवर डोळा ठेवणाऱ्यांचा हा कांगावा आहे. सत्य सांगणारा परका असला की त्याच्या परकेपणाकडे बोट दाखवून सत्यच नाकारायचे, ही राज्यकर्त्यांची युक्ती फार जुनी आहे.

गाल्व्हांव यांच्या बाबतीत ही युक्ती चालण्यासारखी नव्हती. १९४५ साली ते अंगोलाचे प्रतिनिधी म्हणून राष्ट्रीय सभेत गेले. ही निवडणूकही सालाझारी पद्धतीचीच होती, तेव्हा तेही राजवटीच्याच यादीतून निवडले गेले होते हे सांगावयास नको. २२ जानेवारी १९४७ रोजी सभेच्या वसाहतविषयक समितीपुढे, बंद दाराआड, त्यांनी आपला अहवाल मांडला.

अहवालाची भाषा निरीक्षकाची होती, बंडखोराची नव्हती. वसाहतींतील देशी लोकसंख्या ओसरत चालली आहे, कारण माणसे सीमा ओलांडून बेल्जियन काँगोत, ऱ्होडेशियात आणि दक्षिण आफ्रिकेत पळून जात आहेत, असे त्यात म्हटले होते. आरोग्यसेवा कागदावर आहे, खेड्यात नाही. बालमृत्यू भयावह आहेत. धडधाकट पुरुष पळाले वा नेले गेले की रस्त्यांच्या कामावर बायका, मुले, आजारी आणि म्हातारी माणसे लावली जातात. या सक्तीतून खरी सूट मिळते ती फक्त मेलेल्यांना, असा त्यांच्या निरीक्षणाचा कडवट निष्कर्ष होता. सर्वांत बोचरे होते ते गुलामगिरीशी केलेले तुलनात्मक विवेचन. गुलाम विकत घेणाऱ्याची त्यात रक्कम गुंतलेली असे, म्हणून बैल किंवा घोडा जपावा तसा तो गुलामाला जपत असे. येथे मात्र मजूर सरकारकडून आयता मिळतो. तो मेला तर मालकाचे काहीच बुडत नाही, दुसरा मागविला की झाले. म्हणजे काही बाबतींत ही पद्धत जुन्या गुलामगिरीहूनही वाईट आहे. आणि या सर्वांत मोठा गुन्हेगार खासगी मालक नसून खुद्द राज्ययंत्रणा आहे, हे त्या अहवालाचे सार होते.

गाल्व्हांव यांची तोवरची भूमिका निष्ठावान सेवकाची होती. धन्याला वस्तुस्थिती ठाऊक नसेल, कळली तर तो नक्की काही करील, अशी भाबडी श्रद्धा मनात बाळगणारे सेवक प्रत्येक दरबारात असतात. म्हणूनच त्यांनी बंद दाराआड बोलण्याची अट पाळली, वृत्तपत्रांकडे धाव घेतली नाही. पण धन्याला सारे ठाऊक होते. अहवालावर चर्चा झाली नाही, चौकशी नेमली गेली नाही, एकाही अधिकाऱ्याला जाब विचारला गेला नाही. अहवाल दडपला गेला, आणि हळूहळू निरीक्षकच गैरसोयीचा वाटू लागला. पुढील निवडणुकीच्या वेळी राजवटीच्या यादीत त्यांना स्थान उरले नाही.

परंतु कागदाला पाय फुटले होते. अहवालाच्या प्रती विरोधकांच्या हाती गेल्या आणि चोरून फिरू लागल्या. ज्या देशात सेन्सॉरच्या शिक्क्याविना वृत्तपत्राचा अंक निघत नसे, त्या देशात हा अहवाल या हातातून त्या हातात, रात्रीच्या वेळी, जिवाच्या करारावर वाचला गेला. १९५५ साली बेझिल डेव्हिडसन या इंग्रज लेखकाने आफ्रिकेच्या जागृतीवरील आपल्या पुस्तकात त्याचा आधार घेतला आणि पोर्तुगालबाहेरच्या वाचकांना त्यातील मजकूर ठाऊक झाला. आता लिस्बनला परकीयांचे कारस्थान म्हणून हात झटकता येईनात. कारण साक्षीदार त्यांचाच निरीक्षक होता, आणि साक्ष त्यांच्याच सभागृहात नोंदलेली होती.

येथे थांबून एका आक्षेपाचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते. सरकारचे गोपनीय कागद असे बाहेर फुटू लागले तर राज्य चालायचे कसे, असे विचारणारे प्रामाणिक लोकही असतात. त्यांना आमचे उत्तर असे आहे. राज्याला काही गोष्टी गुप्त ठेवाव्याच लागतात; सैन्याची हालचाल, तपास चालू असलेला गुन्हा, परराष्ट्राशी चाललेली नाजूक बोलणी या गोष्टी चव्हाट्यावर मांडण्याच्या नव्हेत. पण गाल्व्हांव यांच्या अहवालात यांपैकी काय होते? त्यात तोफांची संख्या नव्हती, किल्ल्यांचे नकाशे नव्हते. त्यात होती ती रस्त्यावर खडी फोडणारी बाई आणि मळ्यातून परत न आलेला तिचा नवरा. ही माहिती शत्रूपासून लपविलेली नव्हती. ती लपविली होती स्वदेशातील करदात्यापासून आणि जगाच्या विवेकबुद्धीपासून. ज्यांच्याविषयी अहवाल लिहिला होता त्यांना तर ही माहिती गुप्त नव्हतीच, ते ती रोज भोगत होते. ज्या गुपिताने राष्ट्राचे नव्हे तर केवळ राज्यकर्त्यांच्या अब्रूचे रक्षण होते, त्याला राष्ट्रीय गुपित म्हणणे ही भाषेची विटंबना आहे.

सत्य सांगितल्याची किंमत गाल्व्हांव यांनी पुरेपूर मोजली. १९५१ सालच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्यांनी विरोधी उमेदवार ॲडमिरल किंतांव मैरेलिश यांची बाजू घेतली. १९५२ च्या जानेवारीत त्यांना अटक झाली, आणि कटाच्या आरोपावरून लष्करी न्यायालयाने तीन वर्षांची सजा दिली. तुरुंगातही त्यांची लेखणी थांबली नाही. सालाझारची टर उडविणारी पत्रके तेथूनही बाहेर पडत राहिली. त्याबद्दल १९५८ साली त्यांना आणखी सोळा वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. तेव्हा त्यांचे वय त्रेसष्ट होते; म्हणजे ती जन्मठेपच म्हणावयाची. १९५९ च्या जानेवारीत लिस्बनच्या सांता मारिया इस्पितळात उपचारासाठी ठेवलेले असताना ते वेषांतर करून निसटले, अर्जेंटिनाच्या वकिलातीत त्यांनी आश्रय घेतला आणि तेथून परदेशी, प्रथम अर्जेंटिनात व नंतर व्हेनेझुएलात, ते गेले.

यानंतरचा भाग जगप्रसिद्ध आहे. २२ जानेवारी १९६१ च्या पहाटे, अहवाल मांडल्याला बरोबर चौदा वर्षे पुरी होत असताना, पोर्तुगीज आणि स्पॅनिश अशा सुमारे दोन डझन साथीदारांसह गाल्व्हांव यांनी कॅरिबियन समुद्रात सांता मारिया जहाज ताब्यात घेतले. योगायोग असा, की ज्या इस्पितळातून ते निसटले त्याचे नाव आणि या जहाजाचे नाव एकच. जहाजावर सुमारे सहाशे प्रवासी होते. मोहिमेला त्यांनी डॉन किहोतेच्या प्रेयसीचे, दुल्सिनियाचे, नाव दिले होते. या साहसातील वेडेपणाची त्यांना स्वतःलाही जाणीव असावी. अंगोलाला पोहोचून तेथे सालाझारविरोधी सरकार स्थापावे असा बेत होता. तो साधला नाही. जखमींना उतरविण्यासाठी जहाज सेंट लुसिया बेटाजवळ गेले, त्यामुळे ठावठिकाणा उघड झाला, अमेरिकन आणि ब्रिटिश युद्धनौका मागे लागल्या आणि अखेर २ फेब्रुवारी रोजी ब्राझीलच्या रेसिफे बंदरात जहाज सोडून देऊन गाल्व्हांव यांनी तेथील सरकारचा आश्रय स्वीकारला.

या साहसाचा गौरव करण्याचा मोह आम्ही आवरतो. जहाज ताब्यात घेताना झालेल्या चकमकीत एक तरुण अधिकारी ठार झाला. तो आपली पाळी बजावीत होता. अंगोलातील सक्तीच्या मजुरीशी त्याचा काय संबंध होता? निरपराध प्रवाशांना वेठीस धरून मिळविलेली प्रसिद्धी कितीही उदात्त हेतूसाठी असली तरी तिच्यावर रक्ताचा डाग राहतोच. मात्र या डागाचा सारा दोष एकट्या गाल्व्हांव यांच्या माथी मारणेही न्याय्य होणार नाही. जो माणूस पन्नाशी उलटल्यावर सभागृहात टिपणे घेऊन उभा राहिला, तोच पासष्टाव्या वर्षी बंदूक घेऊन जहाजावर का चढला? कारण मधल्या चौदा वर्षांत त्याच्या कागदाला एकही मोकळे वृत्तपत्र मिळाले नाही. लिस्बनमध्ये एक जरी संपादक तो अहवाल १९४७ साली निर्भयपणे छापू शकला असता, तर त्यावर वाद झाला असता, मंत्र्यांना उत्तरे द्यावी लागली असती. वृत्तपत्राचे तोंड बांधले की असंतोष संपत नाही. तो फक्त शाईऐवजी दारूगोळा शोधू लागतो. सेन्सॉरच्या लाल पेन्सिलीचा हिशेब करताना ही बाजूही जमेस धरली पाहिजे.

या प्रकरणाचे परिणाम मात्र दूरवर पोहोचले. त्याच वर्षी गाल्व्हांव यांच्या सांता मारियावरील पुस्तकात अहवालातील मजकूर जगापुढे आला. तिकडे अंगोलात कासांझेच्या खोऱ्यात सक्तीच्या कापूस-लागवडीविरुद्ध जानेवारीतच शेतकरी उठले होते. हे जहाज येते की काय या अपेक्षेने परदेशी पत्रकार लुआंडात गोळा झाले होते, आणि ४ फेब्रुवारीला, गाल्व्हांव यांना सहासष्ट वर्षे पूर्ण झाली त्याच दिवशी, लुआंडाच्या तुरुंगावर हल्ला होऊन अंगोलाच्या मुक्तिसंग्रामाला तोंड फुटले. मजुरीच्या प्रश्नावर घानाने पोर्तुगालविरुद्ध आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेकडे तक्रार नेली. मे महिन्यात सक्तीची कापूस-लागवड बंद करण्यात आली. ६ सप्टेंबर १९६१ रोजी प्रजेचे दोन वर्ग पाडणारा देशी लोकांचा कायदाच रद्द झाला. चौदा वर्षांपूर्वी बंद खोलीत जे मान्य केले नाही ते साऱ्या जगाच्या डोळ्यांदेखत मान्य करावे लागले, आणि तेही उशिरा, रक्त सांडल्यानंतर. डिसेंबरात गोवा, दमण आणि दीव मुक्त झाले.

गाल्व्हांव यांचे चित्र रंगवून त्यांना आफ्रिकेच्या स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते बनविण्याचा आमचा इरादा नाही. ते तसे नव्हते. साम्राज्य सुधारावे, टिकावे, ही त्यांची धारणा शेवटपर्यंत फारशी बदलली नाही. १९६३ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या समितीपुढे त्यांनी सालाझारच्या वसाहत-धोरणावर कठोर टीका केली. पण तत्काळ स्वातंत्र्याच्या मागणीला त्यांनी पाठिंबा दिला नाही आणि आफ्रिकी प्रतिनिधींची निराशा केली. सोबत्यांशीही त्यांचे पटेनासे झाले. २५ जून १९७० रोजी ब्राझीलमधील साओ पाउलो येथे, मायदेशापासून दूर, त्यांचा अंत झाला. जेमतेम महिन्याभराने, २७ जुलै रोजी, सालाझारही मरण पावला. चार वर्षांनी, २५ एप्रिल १९७४ रोजी, ती राजवटच कोसळली. ११ नोव्हेंबर १९७५ ला अंगोला स्वतंत्र झाला.

सत्य उघड करणारा माणूस निर्दोष असलाच पाहिजे अशी अट घालणारे लोक आपल्यातही पुष्कळ आहेत. कागद बाहेर पडला की ते कागद वाचीत नाहीत. तो कोणी दिला, त्याचा हेतू काय, त्याचे पूर्वचरित्र कसे, याचीच चिकित्सा करीत बसतात. गाल्व्हांव यांचे पूर्वचरित्र तर साम्राज्याच्या भाटाचे होते. म्हणून अंगोलातील मजुरांचे हाल खोटे ठरले काय? उलट साम्राज्यावर श्रद्धा असलेल्या माणसालाच जे पाहवले नाही, ते किती भीषण असेल याची कल्पना त्यावरूनच येते. सांगणाऱ्याचा हेतू तपासावा जरूर, पण तो सांगितलेल्या गोष्टीचा खरेखोटेपणा तपासून झाल्यानंतर.

आणि गोमंतकीयांना या कहाणीपासून अगदीच अलिप्त राहता येणार नाही. देशी लोकांचा तो कायदा गोव्यात लागू नव्हता. आफ्रिकेतल्या मजुराच्या वाट्याला आले ते आपल्या वाट्याला आले नाही. त्रिस्तांव द ब्रागांझ कुन्हा यांच्यासारख्या आपल्या पुढाऱ्यांना त्याच सुमारास पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात डांबले होते, ही एक बाजू. परंतु मोझांबिक आणि अंगोलातील सरकारी कचेऱ्यांत कारकून, तारमास्तर आणि अधिकारी म्हणून गोमंतकीय मोठ्या संख्येने काम करीत होते, ही दुसरी. मजुरांच्या याद्या ज्या कचेऱ्यांतून तयार होत तेथील वह्या त्यांनी पाहिल्या नसतील असे म्हणवत नाही. ते गप्प राहिले, कारण पोटाची नोकरी होती आणि बोलण्याला शिक्षा होती. त्यांना दोष देण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. शेकडो टेबलांवरून जो कागद मुकाट्याने पुढे सरकत होता तो एका टेबलावर अडला, आणि तेथे बसलेल्या माणसाला तो पुढे सरकवता आला नाही, एवढेच दाखवायचे आहे. इतिहासात अशी टेबले फार थोडी सापडतात.

आज आपण स्वतंत्र देशाचे नागरिक आहोत. तरीही १९२३ साली परकीय सत्तेने केलेला शासकीय गुपितांचा कायदा स्वातंत्र्यानंतरही आपल्या कायद्याच्या पुस्तकातून गेला नाही, हे विसरता कामा नये. गोव्याने १९९७ सालीच माहितीच्या अधिकाराचा स्वतःचा कायदा केला, देशात असा कायदा करणाऱ्या पहिल्या राज्यांत आपली गणना झाली, ही अभिमानाची गोष्ट. २००५ च्या केंद्रीय कायद्याने तर गुपितांच्या कायद्यावरही मात करणारे तत्त्व मांडले: लोकहित जर गोपनीयतेने साधणाऱ्या हितापेक्षा मोठे असेल तर माहिती देता येईल. १० एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राफेल विमानांच्या प्रकरणात वृत्तपत्राने छापलेले सरकारी कागद विचारात घेण्यास सरकारचा आक्षेप फेटाळला, तेव्हा हेच तत्त्व आणखी बळकट झाले. पण दुसरीकडे, गैरव्यवहार उघड करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ साली संमत होऊनही वर्षानुवर्षे अंमलात आणला गेला नाही. दार उघडे आहे असे सांगायचे आणि उंबरठ्यावर पाऊल ठेवणाऱ्याला वाऱ्यावर सोडायचे, असा हा प्रकार.

वृत्तपत्रांच्या शिरावरील जबाबदारीही याच कहाणीतून स्पष्ट होते. हाती आलेला प्रत्येक फुटका कागद म्हणजे सत्य नव्हे. तो खरा आहे काय, हे आधी पडताळले पाहिजे. त्याच्या प्रसिद्धीने लोकांचे हित साधते की केवळ कोणाची खासगी अब्रू चव्हाट्यावर येते, हे तोलले पाहिजे. ज्याने जीव धोक्यात घालून तो दिला त्याचे नाव प्राणापलीकडे जपले पाहिजे, आणि ज्या निरपराधांची नावे त्यात आली असतील त्यांनाही झळ लागू देता कामा नये. ही पथ्ये जो पाळतो त्याला कागद छापण्याचा केवळ हक्क नाही, ते त्याचे कर्तव्य आहे. जो पाळत नाही तो सेन्सॉरच्या हाती आपण होऊन कोलीत देतो.

कोणत्याही राज्यात आज कोणत्या कपाटात कोणता अहवाल धूळ खात पडला आहे हे आपल्याला ठाऊक नसते. एखाद्या खाणीचा, धरणाचा, इस्पितळाचा वा तुरुंगाचा तो असेल. कुणा निरीक्षकाने प्रामाणिकपणे लिहिलेला आणि वरिष्ठांनी शांतपणे मिटून ठेवलेला. ज्यांच्याविषयी तो लिहिला आहे ती माणसे त्यातील प्रत्येक ओळ अंगावर सोशीत असतात; फक्त तो वाचण्याचा अधिकार त्यांना नसतो. तो अधिकार त्यांना मिळवून देणे हे कायदेमंडळाचे काम आहे, न्यायालयाचे आहे आणि वृत्तपत्रांचे तर आहेच. असा कागद कधी आपल्या दाराशी आला तर तो आणणाऱ्याकडे संशयाने पाहण्याआधी वाचकांनी एकदा तो कागद वाचावा, एवढीच आमची विनंती.